चंचल कुत्र्यास घरीं शांत कसें करावें ?

कुत्र्याचें शेपूट नळींत घातलें तरी वांकडें तें वांकडेंच, अशी आपल्या भाषेंत एक म्हण आहे. स्वभावाला औषध नाहीं, असा तिचा भावार्थ. शेपटाविषयीं ती खरी असेल; परंतु कुत्र्याच्या वर्तनास ती लागू पडत नाहीं, हें आम्ही स्वानुभवानें शिकलों. तो अनुभव व त्यामागील कार्यकारणभाव आमच्या विद्यार्थी-बंधुभगिनींस व त्यांच्या पालकांस उपयोगी पडेल, अशा आशेनें हा लेख लिहीत आहों.

आमच्या बिऱ्हाडीं मोती नांवाचा लॅब्रडॉर जातीचा कुत्रा आहे. तो दहा महिन्यांचा असतांना त्याच्या धिंगाण्यास सीमा राहिली नव्हती. दाराची घंटा वाजली कीं तो येणाऱ्याच्या अंगावर झेप घेई. चपला पळवी, उशा फाडी, आणि रात्रीं घरभर फेऱ्या घाली. एके दिवशीं त्याच्या धक्क्यानें आजी पडली व तिचें मनगट दुखावलें. त्या रात्रीं, कुत्रा घालवून द्यावा कीं दिवसभर बांधून ठेवावा, याचाच खल घरांत चालला. पाळलेल्या प्राण्यास सबळ कारणावांचून टाकून देणें, किंवा फार आंखूड साखळीनें अवास्तव वेळ बांधून ठेवणें, हे दोन्हीहि १९६० च्या प्राणिक्लेशप्रतिबंधक कायद्यान्वयें गुन्हे आहेत. शिवाय त्याला हौसेनें घरीं आणिलें होतें तें आम्हींच. तेव्हां शेवटचा प्रयत्न म्हणून आम्हीं आधीं कारणें शोधावयाचें ठरविलें.

प्रथम त्यास पशुवैद्याकडे नेलें. कारण खाज किंवा एखादें आंतलें दुखणें असलें तरीहि कुत्रा बेचैन होतो. प्रकृति उत्तम निघाली. मग तीन कारणें ध्यानांत आलीं. पहिलें जातीचें. लॅब्रडॉर हा मूळचा शिकाऱ्याचा सोबती. पडलेला पक्षी पाण्यांतून वा झुडपांतून हलकेच तोंडांत धरून आणणें हें त्याचें पिढीजाद काम. इंग्लंडांतील केनेल क्लबानें १९०३ सालीं या जातीस मान्यता दिली. अशा कष्टाळू प्राण्यास तिसऱ्या मजल्यावरील दोन खोल्यांत कोंडलें, तर त्याची शक्ति उशांवर खर्च व्हावयाचीच ! दुसरें कारण वयाचें. या वयांत अंगीं बळ येतें, पण संयम मागून येतो. तिसरें कारण मात्र आमचेंच होतें. मोती उडी मारी, तेव्हां कोणी ओरडे, कोणी त्यास ढकली, कोणी हंसे. तो निमूट पडून राही, तेव्हां त्याजकडे कोणी ढुंकूनहि पाहत नसे. कुत्र्याच्या दृष्टीनें ओरडणें हेंहि लक्ष देणेंच होय. दांडगाई केली तर सर्व घर धांवून येतें, हा धडा आम्हीच त्यास रोज देत होतों.

कारणें कळल्यावर उपाय सुचले. पहिला व्यायामाचा. सकाळीं व सायंकाळीं त्यास फिरावयास नेऊं लागलों. भर दुपारीं नेऊं नये; डांबरी रस्त्यानें पंजे भाजतात, आणि कुत्रा मुख्यतः धापा टाकूनच अंगांतील उष्णता कमी करीत असल्यामुळें त्यास ऊन लवकर बाधतें. वाटेंत त्यास मनसोक्त हुंगूं द्यावें. घरींहि जुन्या पंचाच्या घड्यांत भाकरीचे तुकडे लपवून ते शोधावयास द्यावेत. नाकास काम मिळालें कीं मनासहि विसांवा मिळतो.

दुसरा उपाय लक्ष आंवरण्याचा. उडी मारतांच पाठ फिरवावी, हाताची घडी घालावी, शब्दहि बोलूं नये. चारी पाय जमिनीस टेकले कीं तत्काळ गोंजारावें. आरंभीं कुत्रा पूर्वींपेक्षांहि अधिक उड्या मारतो. जुनी युक्ति चालेना म्हणून तो ती नेटानें करून पाहतो. याच वेळीं पुष्कळ लोक धीर सोडतात. घरांतील एकानें जरी नियम मोडला, तरी सर्वांचे श्रम वायां जातात.

तिसरा उपाय साखळीचा. इव्हान पावलॉव्ह या रशियन शास्त्रज्ञास १९०४ सालीं पचनक्रियेवरील संशोधनाबद्दल नोबेल पारितोषिक मिळालें. अन्नापूर्वीं नेहमीं एखादा ठराविक आवाज केला, तर पुढें नुसत्या आवाजानेंहि कुत्र्याच्या तोंडास पाणी सुटतें, असें त्यांनीं दाखविलें. मोतीहि साखळी खळखळतांच बेभान होई. म्हणून आम्ही दिवसांतून अनेकदां साखळी उचलून, बाहेर न जातां, पुनः खुंटीस अडकवूं लागलों. हळूहळू तो आवाज त्यास साधा वाटूं लागला.

चौथा उपाय घोंगडीचा. कोपऱ्यांत घोंगडी अंथरून, मोती तिजवर आपण होऊन बसला कीं त्याच्या पुढ्यांत मुकाट्यानें एक तुकडा ठेवावा. मग बसण्याचा वेळ थोडाथोडा वाढवावा. तो निजला असतां मुलांनीं त्यास उठवूं नये. अपुरी झोंप झालेला कुत्रा अधिकच चिडखोर होतो.

मारणें सर्वथा वर्ज्य समजावें. मारानें कुत्रा भितो, आणि भ्यालेला कुत्रा चावूं शकतो. तसेंच शांत कुत्र्याचें वर्तन एकाएकीं पालटलें, तर घरगुती उपाय न करितां पशुवैद्यास बोलवावें. रेबीजची लस वेळेवर टोंचलेली असावी, आणि अशा कुत्र्याजवळ मुलांनीं जाऊं नये.

दोन महिन्यांनीं मोती पूर्ण साधु झाला, असें आम्ही म्हणत नाहीं. मैदानावर तो अजूनहि वाऱ्यासारखा सुटतो. पण आतां घंटा वाजली कीं तो घोंगडीकडे जातो, आणि आजी त्याच्या शेजारीं निर्धास्तपणें भाजी निवडीत बसते. ज्यांच्या घरीं असा दांडगोबा असेल, त्यांनीं आजच एवढें करून पाहावें : तो शांत पडलेला दिसला, तर जवळ जाऊन त्याच्या पाठीवरून एकवार हात फिरवावा. आम्हांस तेंच सुचावयास फार उशीर लागला.