बिल्बोच्या घरावरचं झाड

निवृत्तीनंतर आम्ही दोघं मोटरहोम घेऊन न्यूझीलंड फिरलो. तिथेही गाडी डावीकडूनच चालवतात, त्यामुळे हात लगेच बसतो. ऑकलंडहून दोनेक तासांवर, माटामाटाजवळ 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' चित्रपटांतल्या हॉबिटन गावाचा सेट आहे. १९९८ मध्ये दिग्दर्शक पीटर जॅक्सनच्या चमूला हवाई पाहणीत हे मेंढ्यांचं शेत सापडलं. पहिला सेट तात्पुरता होता. 'द हॉबिट' चित्रपटांच्या वेळी तो पक्का बांधला. बिल्बो या हॉबिटच्या घरावरचा ओक जरूर निरखा: झाड पोलाद-सिलिकॉनचं, पानं नकली, एकेक करून हाताने लावलेली! दोरीवरचे चिमुकले कपडे बघून ही म्हणाली, "अहो, इथे खरंच कुणीतरी राहतंय." गाडी बाहेर लावून सेटच्या बसनेच आत जायचं. तिकीट आधीच काढा. आणि मोकळ्या जागी रात्रीचा मुक्काम करायचा, तर 'सेल्फ-कंटेन्ड' (शौचालय-सांडपाण्याची सोय आतच असल्याचं) प्रमाणपत्र असलेलीच गाडी घ्या.