ड्रोनची बॅटरी चार्जिंगला लावून झोपता? खोलीत कापूस तर नाही ना?

फवारणीचा ड्रोन आता गावोगाव दिसू लागला आहे. लग्नात शूटिंगवाल्याचा ड्रोन असतो, हौशी पोरांकडे रिमोटचे विमान नाहीतर गाडी असते. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी असते, ती म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरी. बोलीत तिला 'लिपो' म्हणतात. वजनाला हलकी आणि ताकदीला दांडगी अशी ही बॅटरी मोबाईलसारखी रात्रभर प्लगला लावून ठेवली, तर मात्र घराला आग लागू शकते.

नुकसान फक्त बॅटरीचेच होते असे नाही. केंद्राच्या 'नमो ड्रोन दीदी' योजनेत देशभरातील १५ हजार महिला बचत गटांना ड्रोन देण्याचे उद्दिष्ट आहे. त्यात किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख रुपये अनुदान मिळते. उरलेला भार गटावरच असतो. त्यातच बॅटरी चार्ज होते बहुतेक घरात. दिवाळीनंतर भाव वाढेल या आशेने अनेक घरांत खोली भरून कापूस असतो. गोठ्यात कडबा आणि कोपऱ्यात औषधाचे डबे असतात. अशा ठिकाणी एक ठिणगी पुरते.

मोबाईल आणि लिपोत फरक काय?

मोबाईलच्या बॅटरीला एक छोटे सर्किट जोडलेले असते. बॅटरी भरली की ते चार्जिंग तोडते आणि फार उतरली की फोन बंद करते. तो तिचा राखणदार. ड्रोन आणि मॉडेलच्या साध्या लिपो पॅकमध्ये असा राखणदार नसतो. काही कंपन्यांच्या 'स्मार्ट' बॅटरीत तो असतो, पण साध्या पॅकची राखण चार्जर आणि माणूस या दोघांनाच करावी लागते.

ताकदीचाही हिशोब पाहा. १२ सेलची २२,००० एमएएचची एक फवारणी बॅटरी पूर्ण भरली की तिच्यात जवळपास १ युनिट वीज साठते. म्हणजे सुमारे ५० मोबाईल एकाच डब्यात. शॉर्ट झाला, तर ही सगळी ताकद काही मिनिटांत उष्णता होऊन बाहेर पडते.

हे आकडे पाठ करा

लिपो पॅक अनेक सेल जोडून बनतो. पॅकवर '६एस' लिहिले असेल तर ६ सेल, '१२एस' असेल तर १२ सेल. प्रत्येक सेलचा हिशोब असा :

- पूर्ण भरलेला : ४.२ व्होल्ट. याच्या वर जाता कामा नये. (पॅकवर 'एचव्ही' लिहिले असेल तर ४.३५ व्होल्ट.)
- नेहमीचा, पॅकवर छापलेला : ३.७ व्होल्ट.
- ठेवणीतला : ३.८ व्होल्ट.
- ड्रोन उतरवायची वेळ : ३.५ व्होल्टच्या आसपास. १२ सेलच्या पॅकला सुमारे ४२ व्होल्ट.
- धोक्याची खालची पातळी : ३ व्होल्ट. याच्या खाली बॅटरी गेली की ती बाद समजावी.

जास्त चार्ज झाली की आतले द्रव्य फुटते, वायू तयार होतो आणि पॅक फुगतो. फार उतरली की आतल्या तांब्याच्या पत्र्याचे कण सुटतात. अशी बॅटरी पुन्हा चार्जिंगला लावली की हेच तांबे आत शॉर्ट करू शकते. म्हणून 'एकदम डाऊन झालेली' बॅटरी जबरदस्तीने उठवायच्या भानगडीत पडू नये.

चार्जिंग करताना

- चार्जर लिपोसाठीचाच आणि 'बॅलन्स'वाला हवा. पॅकला दोन वायरी असतात, एक जाड आणि एक अनेक पिनांची बारीक. बारीक वायर प्रत्येक सेल वेगळा तपासते. ती जोडल्याशिवाय चार्जिंग करू नका.
- चार्जरवर बॅटरीचा प्रकार आणि सेलची संख्या दर वेळी पाहा. ६ सेलच्या पॅकला चुकून जास्त सेल निवडले, तर चार्जर तिला तिच्या क्षमतेपलीकडे भरत राहील.
- करंट '१सी' ठेवा. २,२०० एमएएचला २.२ अँपिअर, १६,०००ला १६ अँपिअर. घाई म्हणून दुप्पट करू नका. कंपनीने जास्त करंटची परवानगी दिली असेल तरच वाढवा.
- २२,००० एमएएचचा १२ सेलचा पॅक १सीने भरताना हजार-अकराशे वॅटचा लोड येतो, म्हणजे इस्त्रीएवढा. त्याला १६ अँपिअरचा पॉवर प्लग हवा. बारीक वायरचा एक्स्टेंशन बोर्ड तापून वितळतो.
- उडवून आणलेली बॅटरी गरम असते. निदान अर्धा तास सावलीत थंड होऊ द्या. हाताला गरम लागत असेल तोवर चार्जिंग नको. ४५ अंशांच्या वर तापलेली बॅटरी कधीच चार्ज करू नये. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत सावलीतच पारा ४२-४३ वर जातो. त्या दिवसांत पहाटे किंवा सकाळी लवकर चार्ज केलेले बरे.
- जागा कोणती? सिमेंटचा ओटा किंवा फरशीची पडवी, वर सावली आणि आजूबाजूला जळण्यासारखे काही नाही अशी. गादी, सतरंजी, लाकडी टेबल, कापसाची खोली, कडब्याची गंज किंवा औषधाच्या डब्यांजवळ अजिबात नको. लहान पॅकसाठी आग न धरणारी लिपो पिशवी मिळते.
- लाईटचा भरवसा नाही म्हणून रात्री लावून झोपायचे, ही सवय सर्वांत घातक. चार्जिंग चालू असताना जागा माणूस जवळ हवाच. चार्जर लावून शेतात जाणे म्हणजे चुलीवर तेल ठेवून बाजाराला जाणे.

शेतात वापरताना

बॅटरी पार संपेपर्यंत ड्रोन उडवू नका. २५-३० टक्के उरली की खाली उतरवा. उडवून झाल्यावर बॅटरी ड्रोनला जोडलेली ठेवू नका, ती आतल्या आत उतरत राहते. लाल-काळी टोके एकमेकांना टेकू देऊ नका. सुट्ट्या बॅटऱ्या पाना-पक्कडीच्या पेटीत टाकू नका. उन्हात बंद उभ्या गाडीतही ठेवू नका, आतला पारा बाहेरच्यापेक्षा कितीतरी वर जातो.

फवारणीचे द्रावण पिनांवर उडाले तर बॅटरी आधी काढा आणि कोरड्या फडक्याने पुसा. द्रावणामुळे पिना गंजतात, मग त्या तापतात. ड्रोन तुरीत नाहीतर बांधावर आदळला, तर बॅटरी बाहेरून धड दिसली तरी लगेच घरात नेऊ नका. उघड्यावर, जळण्यासारखे काही नसेल अशा जागी ठेवून काही तास लक्ष ठेवा. आतला मार उशिरा उमटतो.

फुगलेली बॅटरी

पॅक गुबगुबीत झाला, गोडसर वास आला, एकच सेल लवकर तापू लागला किंवा पूर्ण चार्ज करूनही एक सेल बाकीच्यांपेक्षा ०.१ व्होल्टपेक्षा जास्त मागे राहिला, तर तो पॅक वापरातून काढा. 'हवा निघून जाईल' म्हणून टाचणी मारू नका. दाबून ड्रोनमध्ये बसवू नका. 'हा एवढा हंगाम काढू' हा विचार सर्वांत महागात पडतो.

बाद पॅक कचऱ्यात किंवा चुलीत टाकू नये. भंगारवाल्याला न सांगता देऊ नये, कारण तो तांब्यासाठी ती फोडणार. टोकांना वेगवेगळी चिकटपट्टी लावा, पॅक घराबाहेर ठेवा आणि विक्रेत्याकडे किंवा ई-कचरा घेणाऱ्या केंद्राकडे द्या. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. खरेदी करतानाच विक्रेत्याला हे विचारून ठेवा.

आग लागलीच तर

- आधी माणसे आणि लेकरे बाहेर काढा. धूर विषारी असतो, वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला थांबा.
- चार्जरचे कनेक्शन मेन स्विचवरून तोडा. त्याआधी पाणी मारू नका.
- बॅटरी मोकळ्यावर असेल तर जळू द्या, भोवती वाळू टाकून आग पसरू देऊ नका.
- घरात असेल आणि वीज बंद असेल तर दुरून भरपूर पाणी मारा. पाणी बॅटरी थंड करते. तांब्याभर पाण्याने भागत नाही.
- पेटलेली बॅटरी हातात उचलून बाहेर फेकायला जाऊ नका.
- १०१ किंवा ११२ वर फोन करा. विझलेली बॅटरी काही तासांनी पुन्हा पेटू शकते, म्हणून ती घरात आणू नका.

हंगाम संपल्यावर

फवारणी थांबली की बॅटऱ्या पूर्ण भरून ठेवण्याची पद्धत आहे. तीच त्यांना फुगवते. चार्जरवर 'स्टोरेज' असा पर्याय असतो. तो निवडला की चार्जर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास आणून थांबतो. मग बॅटऱ्या कोरड्या, थंड जागी, मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा. महिन्यातून एकदा व्होल्टेज तपासा. त्यासाठीचा छोटा चेकर स्वस्तात मिळतो.

यातल्या बहुतेक गोष्टींना जादा पैसा लागत नाही, लक्ष लागते. आज संध्याकाळी चार्जर लावण्याआधी एवढेच करा : बॅटरी कुठे ठेवली आहे आणि तिच्या आजूबाजूला काय आहे, ते एकदा पाहा. कापूस असेल तर आधी जागा बदला, चार्जिंग नंतर.