गाडी कुठे चेपायला हवी?

पुढचा भाग पार चेपलेली फॅमिली व्हॅन पाहिली की ‘हल्ली नुसता पत्रा असतो, जुनी जिप्सी असती तर ओरखडाही उठला नसता’ असं सर्रास बोललं जातं. ही समजूत जिवावर बेतणारी आहे. १९८५ साली आलेल्या मारुती जिप्सीची बॉडी शिडीसारख्या पोलादी चासीवर बसवलेली असे. २०२२च्या टोयोटा इनोव्हा हायक्रॉसमध्ये अशी वेगळी चासीच नाही. वजनाचं म्हणाल तर जिप्सी जेमतेम टनभराची आणि हायक्रॉस दीड टनाहून जड. पण धडकेत महत्त्वाचं असतं ते आतला माणूस किती अंतरात थांबतो हे. ताशी ५४ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १५ मीटर. या वेगात गाडी आदळली आणि बेल्ट लावलेला प्रवासी पाव मीटरमध्ये थांबला, तर त्याच्यावर सरासरी स्वतःच्या वजनाच्या ४६ पट जोर येतो; अर्ध्या मीटरमध्ये थांबला तर २३ पट. हा जास्तीचा पाव मीटर चेपणारं बोनेट मिळवून देतं. म्हणून पुढचे दांडे घड्या पडत दुमडतील असे बनवतात आणि दारांच्या खांबांना मात्र सहजी न वाकणारं पोलाद वापरतात. मर्सिडीजचे अभियंते बेला बॅरेनी यांनी ही कल्पना १९५०च्या दशकातच मांडली होती.

मग चासीच्या गाड्या वाईटच का? तसं नाही. महिंद्राची स्कॉर्पिओ-एन चासीवरच उभी आहे आणि २०२२मध्ये तिला ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत प्रौढांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळाले. चासीनं कुठे दुमडायचं आणि कुठे नाही, याचा हिशेब नव्या रचनेत असतो. उलटण्याचा धोका हा आणखी एक मुद्दा. गुरुत्वमध्य जितका उंच आणि डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर जितकं कमी, तितकी गाडी वळणावर लवकर कलंडते. जिप्सी उंच आणि अरुंद होती. १९९३मध्ये तिच्या चाकांमधलं अंतर वाढवावं लागलं. शिवाय सॉफ्ट-टॉप जिप्सीत मागची माणसं समोरासमोरच्या बाकांवर आडवी बसतात. समोरून धडक बसली तर पाठीला टेकू नाही, सगळा झोक कुशीवर.

ताडोबात अजूनही जिप्सी चालतेच की, असं कुणी म्हणेल. तिथे ती चालावीच. चिखलात, दगडगोट्यांत फोर-व्हील ड्राइव्हची जिप्सी हायक्रॉसला मागे टाकेल. पण सफारीचा वेग ताशी वीसच्या आसपास, समृद्धी महामार्गावरची मर्यादा १२०. धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते, म्हणजे तिथे ती ३६ पट होते.