कागद गोळा करणाऱ्यांचे कागद

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव हिंडून कुलकर्णी, देशपांडे, जोशी, इनामदार यांच्या घरांतले जुने कागद मिळवत, हे महाराष्ट्राला तोंडपाठ आहे. त्या वणवणीतून 1898 साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड निघाला आणि पुढे खंडांची संख्या 22 वर गेली. मिरजेत शाळामास्तरकी करणारे वासुदेवशास्त्री खरे 1897 पासून पटवर्धन सरदारांच्या दप्तरातून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' काढत होते. साताऱ्यात दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी पत्रे, चित्रे, फर्माने यांचा असा साठा केला की त्यासाठी वस्तुसंग्रहालयच उभे राहिले. तो साठा 1939 मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आला. या मंडळींनी पेशवे, सरदार, वकील, कारकून यांची हजारो पत्रे वाचवली. पण त्यांनी स्वतः एकमेकांना लिहिलेली पत्रे, म्हणजे दप्तराचा अमुक रुमाल कुणाकडे आहे, अमुक कागद खोटा वाटतो, अमुक तारीख मी अशी धरली, असा जो मजकूर रोजच्या टपालाने जात-येत होता, तो आपण इतिहासाचे साधन मानत नाही. संशोधकाचे पुस्तक जपायचे आणि त्याचा पत्रव्यवहार घरच्यांवर सोडायचा, अशी आपली रीत आहे. ती चुकीची आहे, आणि का चुकीची आहे हे जुन्या मोडी पत्राच्या घडणीतच दिसते.

पेशवाईतले एखादे खाजगी पत्र समोर घ्यावे. कागदाचा लांबट बंद, माथ्यावर 'श्री', मग ज्याला पत्र लिहिले त्याचा मायना, आणि त्याखाली बोरूने आधी आडवी रेघ ओढून तिला लोंबकळत गेलेली मोडी अक्षरे. शाई काजळाची, म्हणून अडीचशे वर्षांनीही काळी. शेवटी तारीख येते ती 'छ' या खुणेने: चंद्राचा अमुक दिवस, महिना रजब किंवा सफर. सनदेत पुढे सुहूर सनही अरबी संख्याशब्दांत लिहिलेला असतो. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे 1161, आणि त्यावरून पानिपताचे, 1760-61 चे वर्ष निघते. खाजगी पत्रात मात्र पुष्कळदा दिवस आणि महिना एवढेच. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला साल माहीत होते, मग ते कोण लिहितो? छापील खंडात पत्राच्या डोक्यावर आपण जे वर्ष वाचतो ते अशा वेळी संपादकाने ठरवलेले असते. मजकुरातली नावे, फौजेचा मुक्काम, दुसऱ्या पत्रातला उल्लेख यांची सांगड घालून त्याने तो निवाडा दिलेला असतो. निवाडा छापला गेला. त्यामागचे तर्क, शंका, माघारी मात्र तळटिपेत मावल्या नाहीत. त्या कुठे असतील तर संपादकांच्या आपसातल्या पत्रांत. एका सालाने पत्र मागेपुढे सरकले की अख्ख्या मोहिमेचा अर्थ बदलतो, हे ज्याने या खंडांवर काम केले आहे त्याला सांगायला नको.

अशा पत्रांचे मोल इंग्रजांनी आपल्या आधी ओळखले, पण तेही धडपणे नाही. लंडनचे 'जंटलमन्स मॅगझीन' 1731 मध्ये सुरू झाले आणि पुढे जॉन निकल्स, त्याचा मुलगा आणि नातू अशा तीन पिढ्यांच्या हातात राहिले. छापखाना, संपादकी आणि पुराणवस्तूंचा नाद ही तिन्ही कामे एकाच घरात. देशभरचे पाद्री, जमीनदार, वैद्य आपापल्या गावचे शिलालेख, थडगी, नाणी यांची टिपणे त्यांना पत्राने कळवत. या घराचा पत्रव्यवहार पुढे लिलावांतून फुटून जगभरच्या ग्रंथालयांत गेला आणि आता अभ्यासकांना तो एकेका पत्राने पुन्हा जुळवावा लागतो. त्याच काळातला विल्यम अपकॉट हा हस्ताक्षरांचा नामांकित संग्राहक. जॉन एव्हलिन या सतराव्या शतकातल्या रोजनिशीकाराच्या घराण्यात जुनी पत्रे कापडाच्या बेतणीसाठी कातरली जात होती, ती त्याने वाचवली असे सांगतात. आपल्याकडे जुन्या कागदाची वाण्याची पुडी होते, तिकडे शिंप्याची बेतणी, फरक एवढाच. त्या पत्रांची शारीर भाषाही वेगळी. 1840 पूर्वी टपालाचा आकार कागदाच्या संख्येवर असे, म्हणून पाकीट नाही. तोच कागद घडी घालून लाखेने बंद केलेला, आणि जागा उरली नाही की पान आडवे फिरवून लिहिलेल्या ओळींवरूनच पुन्हा ओळी. शाई लोहाची, ती कालांतराने तपकिरी पडते आणि कागद खाते. आपल्या काजळी शाईचा हा एक गुण आपण उगाच विसरतो.

इंग्रज संपादक आणि पुराणशोधकांची पत्रे आपल्याला काय कामाची, असे कुणी विचारील. त्याला उत्तर म्हणून एकटा ग्रँट डफ पुरे. 1818 नंतर साताऱ्यास कंपनी सरकारचा प्रतिनिधी म्हणून आलेल्या या अधिकाऱ्याने दिवसा कारभार पाहून उरल्या वेळात मराठ्यांचा इतिहास लिहिला. डोकेदुखी इतकी की डोक्याला ओली फडकी बांधून तो लिहीत बसे. इंग्लंडात परतल्यावर मरे या प्रकाशकाने ग्रंथाचे नाव बदला म्हणून सुचवले, कारण मराठे कोण हे तिथे कुणाला ठाऊक? मोगलांचा ऱ्हास आणि इंग्रजांचा उदय असे काही नाव हवे होते. डफ अडून बसला, आणि 1826 मध्ये तीन खंड दुसऱ्या प्रकाशकाकडून निघाले, तेही पदरचे पैसे घालून. पुढे 1867 मध्ये नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने पुण्यात या ग्रंथावर टीका वाचली आणि मराठी माणसाने आपला इतिहास आपण तपासण्याची सुरुवात झाली. पाठोपाठ एक प्रवादही चालत राहिला, तो म्हणजे डफने काम झाल्यावर अस्सल कागद जाळून टाकले. डफ स्वतः टिपांमध्ये लिहितो की आपण वापरलेल्या बखरींच्या नकला मुंबईच्या लिटररी सोसायटीकडे ठेवल्या आहेत. ही सोसायटी म्हणजे आजच्या एशियाटिक सोसायटीचे मूळ. पुढच्या अभ्यासकांना त्या तिथे सापडल्या नाहीत, आणि संशयाला खतपाणी मिळाले. आता हा तंटा सोडवायचा कशाच्या आधारे? छापील ग्रंथ या बाबतीत मुका आहे. डफ आणि त्याचा वरिष्ठ मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्यातला पत्रव्यवहार हाच साक्षीदार, आणि एल्फिन्स्टनचे कागद लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत म्हणून निदान विचारता तरी येते. डॉ. अ. रा. कुलकर्णी यांना ग्रँट डफवर स्वतंत्र ग्रंथ लिहिता आला तो डफचा ग्रंथ पुन्हा पुन्हा वाचून नव्हे. कारभारी आणि इतिहासकार अशा दोन्ही अंगांनी त्याचे कागद तपासता आले म्हणून. डफवर राग असणाऱ्याला तर ही पत्रे जास्तच जपायला हवीत. पुराव्यावाचून केलेला आरोप आरोपीच्याच पथ्यावर पडतो.

आपल्याकडचे असे सर्वांत मोठे उदाहरण गोविंद सखाराम सरदेसाई आणि कोलकात्याचे जदुनाथ सरकार यांचे. मराठी रियासतकार आणि औरंगजेबाचा चरित्रकार यांची पत्रमैत्री अर्धशतकाच्या आसपास टिकली. सरदेसायांनी 1930 ते 1934 या अवघ्या काही वर्षांत पेशवे दप्तरातून निवडक कागदांचे 45 खंड छापले. पुढे दोघांच्या देखरेखीखाली पुणे रेसिडेन्सीचा इंग्रजी पत्रव्यवहारही निघाला. दप्तर कुणाला उघडे करायचे, निवड कुणी करायची, यावरून पुण्यातले संशोधक आणि हे दोघे यांच्यात जे बिनसले ते खंडांच्या प्रस्तावनांतून अंधुकच कळते. पत्रांत ते उघडे आहे. हरिराम गुप्तांनी सरकारांचे चरित्र आणि पत्रे एका ग्रंथात संपादित केली, आणि 2015 मध्ये दीपेश चक्रवर्ती यांनी याच पत्रव्यवहाराच्या पायावर एक सबंध इंग्रजी ग्रंथ उभा केला. भारतात इतिहास हे शास्त्र म्हणून कसे घडले, हा त्याचा विषय. पुण्याचे भांडण त्या ग्रंथात पुण्यातल्या वाचकालाही नवे वाटावे असे आले आहे. याचे श्रेय अर्थातच लेखकाच्या दृष्टीला. पण पत्रे कुणीतरी ठेवली नसती तर ती दृष्टी कशावर पडली असती?

यावर पहिला आक्षेप येतो तो सभ्यतेचा. दुसऱ्याचे पत्र वाचू नये, हा संस्कार आहे, आणि पत्रांत आजारपणे, उसनवारी, घरातले मृत्यू, सहकाऱ्यांची निंदा असतेच. आक्षेप खरा आहे, पण तो छापण्याला लागू पडतो, ठेवण्याला नाही. अमुक वर्षे बंद ठेवा अशी अट घालून कागद संस्थेला देता येतात, आणि पेशव्यांची खाजगी पत्रे चवीने वाचणाऱ्या आपल्या समाजाने संशोधकांपुरता सोवळेपणा पाळणे जरा गमतीचेच. खुद्द सरदेसायांनी काय केले ते पाहावे: शांतिनिकेतनात शिकलेला त्यांचा श्यामकांत हा मुलगा तरुणपणी वारल्यावर त्यांनी त्याची पत्रे पुस्तकरूपाने छापली. दुसरा आक्षेप सोयीचा: एकदा छापले किंवा मोबाइलने फोटो काढला की मूळ कागद कशाला? छपाईत खोडलेला शब्द जातो, समासातली टीप जाते, कागदामागचा हिशेब जातो. फोटोत शब्द येतात. पण इंग्रजी कागद उजेडासमोर धरल्यावर जलचिन्हात कित्येकदा दिसणारे त्याच्या निर्मितीचे साल येत नाही, आणि बनावट पत्र पकडायला तेच पुरते. फोटो जरूर काढावेत, पण त्यांनी मुळाची राखण करावी, मुळाला रद्दी ठरवू नये.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो, आणि तो खाजगी संग्राहकांबद्दल आहे. नामवंतांच्या सहीचा बाजार असतो. सहीचे पत्र ठेवायचे, बिनसहीचे मसुदे आणि पाकिटे टाकायची, ही त्या बाजाराची खोड. निकल्स घराण्याचा साठा असाच फुटला. यावर उपाय संग्राहकांना हाकलून लावण्याचा नाही. राजवाडे, पारसनीस हेही संग्राहकच होते, आणि संस्था नसताना संग्राहकच कामाला येतो. नियम एकच हवा, तो दप्तरदारांचा: जुडी फोडू नये. पत्र ज्या गठ्ठ्यात, ज्या क्रमाने सापडले तसेच राहावे, कारण शेजारचे निनावी चिठोरे कधी कधी सहीच्या पत्राची तारीख सांगते. राजवाड्यांवरही हा ठपका ठेवता येतो की कागद घरोघरचे, पण छापताना निवड त्यांच्या मनाची. म्हणूनच त्यांनी निवड कशी केली हे सांगणारे त्यांचे स्वतःचे कागद हवेत.

राजवाडे 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यात वारले आणि पुढच्याच महिन्यात भास्कर वामन भट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ स्थापन केले. पुण्यात 1910 साली राजवाड्यांनीच काढलेले भारत इतिहास संशोधक मंडळ होते. पण त्यांच्या अखेरच्या काळातले कागद सांभाळायला खानदेश पुढे आला, ही गोष्ट पुणेकरांनी लक्षात ठेवावी. त्याच धुळ्यात शंकर श्रीकृष्ण देवांच्या खटपटीतून उभे राहिलेले समर्थ वाग्देवता मंदिर आहे, समर्थांच्या हातचे मानले जाणारे वाल्मीकी रामायण जपणारे. मुंबई-आग्रा रस्त्यावर नाशिकजवळच्या ओझरहून निघाले की पिंपळगाव, चांदवड, मालेगाव करत सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर हे गाव येते. ओझर आज विमानांच्या कारखान्यासाठी ओळखले जाते; पण ज्या निफाड तालुक्यात ते मोडते तिथेच 1842 मध्ये न्यायमूर्ती रानडे जन्मले, मराठी सत्तेच्या उदयावर ग्रंथ लिहिणारे आणि पेशव्यांच्या रोजनिशींना प्रस्तावना जोडणारे. विंचूरकरांची जहागीरही याच तालुक्यातली. अशा मुलखात निवृत्त मास्तर, स्थानिक साप्ताहिकाचे संपादक, गावचा इतिहास लिहिणारे, नाणी-शिलालेख टिपणारे कमी झाले नसतील. त्यांची पोस्टकार्डे, इनलँड पत्रे, मसुदे आज ट्रंकांत आहेत आणि घर बदलताना, वाटण्या होताना रद्दीवाल्याच्या तराजूत जातात.

तुमच्या घरी असे कागद असतील तर चिकटपट्टी लावू नका, पिना काढा, पाकीट आणि पत्र वेगळे करू नका, गठ्ठ्याचा क्रम मोडू नका. कोण, कुणाला, कोणत्या नात्याने लिहितो हे आज ज्या वडीलधाऱ्यांना माहीत आहे त्यांच्याकडून वेगळ्या कागदावर लिहून घ्या. आणि मग धुळ्याच्या किंवा पुण्याच्या मंडळाला एक पत्र टाका, शक्यतो हाताने लिहिलेले.