शाम्पू : शब्द बाटलीत कसा शिरला?

'शाम्पू' म्हणजे काय, असे वर्गात विचारले तर मुले 'केस धुण्याचे द्रव्य' असे उत्तर देतील. उत्तर बरोबरच आहे. परंतु इंग्रजीत हा शब्द आला तेव्हा त्याचा केसांशीही संबंध नव्हता आणि फेसाशीही! मग हा बदल झाला तरी कसा?

हा शब्द मुळात आपल्याकडचा. हिंदीत 'चांपना' म्हणजे दाबणे, चेपणे. त्याचे आज्ञार्थी रूप 'चांपो'. त्यावरून इंग्रजीत 'शाम्पू' हे क्रियापद झाले. १७६२ साली छापलेल्या एका इंग्रजी प्रवासवर्णनात ते आढळते. अर्थ, अंग चेपून घेणे.

या शब्दाला इंग्लंडमध्ये प्रतिष्ठा मिळवून दिली ती पाटण्याला १७५९ मध्ये जन्मलेल्या दीन महंमद यांनी. १८१४ च्या सुमारास ते ब्रायटन या समुद्रकाठच्या गावी गेले. तेथील त्यांच्या स्नानगृहात औषधी वाफारा देऊन अंग चेपून दिले जाई. राजा चौथा जॉर्ज आणि त्यानंतरचा चौथा विल्यम या दोघांनीही त्यांना आपले 'शाम्पूइंग सर्जन' नेमले होते. म्हणजे शाम्पू ही तेव्हाही हातांनी करायची क्रियाच होती.

१८६० च्या सुमारास हा शब्द डोके चोळून धुण्यासाठी वापरला जाऊ लागला आणि पुढे धुण्याच्या द्रव्यालाही तेच नाव मिळाले. क्रियेचे नाव वस्तूला मिळणे आपल्यालाही नवे नाही. संस्कृतात 'उद्वर्तन' म्हणजे अंग चोळणे. त्यावरून आलेले 'उटणे' आपण दिवाळीतल्या सुगंधी चूर्णाला म्हणतो.

वस्तूही बदलत गेली. सुरुवातीचे शाम्पू साबणाचेच असत. कठीण पाण्यातील कॅल्शियमशी साबणाचा संयोग होऊन न विरघळणारा साका तयार होतो आणि तो केसांवर बसतो. १९३० च्या दशकात कृत्रिम अपमार्जकांचे शाम्पू आले आणि ही अडचण बरीचशी दूर झाली. नाव मात्र तेच राहिले.

आता एक कसोटी घेऊ. शाम्पू हा शब्द चाफ्याच्या फुलावरून, म्हणजे 'चंपा'वरून आला, असेही कधीकधी सांगितले जाते. सुवासिक तेलामुळे ते पटतेही. पण तसे असते तर सर्वांत जुन्या अर्थात केस किंवा सुगंध यांचा काही मागमूस दिसायला हवा होता. तेथे आहे ते फक्त चेपणे. म्हणून हा तर्क टिकत नाही. आपल्या 'चेपणे'लाही हीच शिस्त लावली पाहिजे. अर्थ जुळतो, उच्चारही जवळचा आहे. पण तेवढ्यावरून दोन्ही शब्द एकाच मुळाचे ठरत नाहीत.

शब्दांची व्युत्पत्ती शोधणे हाही प्रयोगच आहे. उच्चारातील साम्य हे गृहीतक. जुने लेखी दाखले, त्यांची साले आणि तेव्हाचा अर्थ ही निरीक्षणे. 'बंगला', 'पायजमा', 'लूट' हे शब्दही इंग्रजीत गेलेले आहेत. मुलांना शब्दकोश हाती देऊन त्यांचा प्रवास शोधायला सांगून पाहा. ऐकायला छान वाटणारे उत्तर आणि पुराव्यावर टिकणारे उत्तर यांतला फरक त्यांना आपोआप कळू लागेल.