मांजरानं नखं कुठं घासायची, ते आपण ठरवू

आज बचतीचा किंवा हप्त्याचा विषय नाही, तरी तो आपल्या पैशाशी आणि धान्याशी जोडलेलाच आहे. विषय आहे मांजराच्या नखांचा.

बैठकीत ही तक्रार अधूनमधून निघतेच. कुणी गटातून कर्ज काढून दिवाण केलेला असतो, हप्ते अजून फिटायचे असतात आणि त्याची रेक्झिनची कड मांजरानं फाडलेली असते. कुणी विकायला शिवलेल्या गोधडीचे दोरे निघालेले असतात. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "घाला पोत्यात आणि सोडून या ओढ्यापल्याड." दिवाण वाचतो खरा, पण महिन्याभरात ज्वारीच्या पोत्याला उंदीर लागतात. उंदीर खातो थोडं आणि लेंड्या-मुतानं नासवतो जास्त. मग उंदराचं औषध घरात येतं, आणि घरात तर लहान लेकरं. शिवाय पाळलेलं जनावर उपाशी मरेल अशा जागी टाकून देणं हा प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या १९६० च्या कायद्यानं गुन्हा आहे. म्हणून मांजरही राहावं आणि दिवाणही, असा मार्ग काढू.

आधी मांजर हे का करतं, ते समजून घेऊ. ते खोडी काढत नाही, की आपल्यावर राग काढत नाही. त्याच्या नखावर जुनं टरफल चढतं. खरखरीत जागी घासलं की ते टरफल निघतं आणि आतून धारदार नख येतं. दुसरं, झोपून उठल्यावर अंग ताणायला त्याला काहीतरी पकडायला लागतं. तिसरं, त्याच्या पंजात वासाच्या ग्रंथी असतात. घासल्यावर तिथं त्याचा वास राहतो. 'ही जागा माझी' अशी ती त्याची सही असते! आपल्याला तो वास येत नाही, त्याला येतो, म्हणून ते परत परत त्याच जागी जातं.

आता सांगा, मारून हे थांबेल का? चपला फेकल्या तर ते आपल्याला घाबरतं आणि आपण शेतावर गेलो की तेच करतं. घासणं बंद होणार नाही. फक्त जागा बदलता येते. त्यासाठी त्याला दिवाणापेक्षा चांगली जागा द्यायची.

आधी ओरखडे बघा. ते उभे, दिवाणाच्या कडेला असतील तर मांजराला उभा खांब हवा. सतरंजीवर, चटईवर असतील तर आडवी जागा हवी. आडव्यासाठी सोपं आहे: एका फळीवर जुनं बारदान ताणून खिळे मारा. खिळ्याचं टोक कुठं वर राहू देऊ नका.

उभ्यासाठी पडवीत लाकडी खांब असेल तर त्यालाच जमिनीपासून तीन फुटांपर्यंत बारदान गुंडाळून सुतळीनं घट्ट बांधा. खांब नसेल तर चार इंच जाडीचा, तीन फूट उंचीचा ओंडका घ्या. तो जड फळीवर पक्का बसवा आणि त्यावर अर्ध्या इंच जाडीची काथ्याची दोरी वेढ्याला वेढा लावून गुंडाळा. अडीच फूट भरायला साधारण २२ मीटर दोरी लागते. दोन गोष्टी विसरू नका. मांजर मागच्या पायांवर उभं राहून पूर्ण ताणलं जाईल एवढी उंची हवी, आणि खांब हलता कामा नये. एकदा का तो डगमगला, की मांजर त्याकडे फिरकत नाही.

हा खांब कोपऱ्यात टाकू नका. ज्या दिवाणाला ते ओरखडतं, त्याच्या अगदी शेजारी ठेवा. दिवाणाची ती कड साबणाच्या पाण्यानं पुसा आणि तिच्यावर काही दिवस गुळगुळीत प्लास्टिक ताणून बांधा. गुळगुळीत जागी नख अडकत नाही, म्हणून मांजराला तिथं मजा येत नाही. संत्र्याच्या, लिंबाच्या सालींचा वासही बऱ्याच मांजरांना नकोसा असतो. फिनेल, रॉकेल किंवा डांबराच्या गोळ्या मात्र वापरू नका. मांजर पंजे चाटतं, ते विष त्याच्या पोटात जातं.

मांजर झोपून उठलं की खांबाजवळ दोरी हलवून खेळवा. त्यानं खांबाला नख लावलं की लगेच भाकरीचा दुधात भिजवलेला तुकडा किंवा सुकटीचं एखादं बोंडूक द्या. त्याचे पंजे धरून खांबावर घासू नका, ते बिचकतं. महिनाभर तरी धीर धरा. सवय पक्की झाली की खांब रोज दोन-चार बोटं सरकवत हव्या त्या जागी न्या. बारदान फाटकं दिसलं म्हणून लगेच बदलू नका. ते फाटकंच त्याला आवडतं, त्यात त्याचा वास असतो.

नखं काढून टाकता येतील का, असं काही जणी विचारतात. ते कधीच करू नका. नख मुळातून काढायचं म्हणजे बोटाचं शेवटचं हाड कापायचं. शिवाय कुत्रं मागं लागलं तर झाडावर चढायला त्याला नखंच लागतात. घरातच राहणाऱ्या मांजराच्या नखाचं पांढरं टोक तेवढं कापता येतं. गुलाबी भागात रक्त असतं, तिथं कात्री लावायची नाही.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. फाटलेलं रेक्झिन पुन्हा शिवता येतं, पण लेकराला मांजरानं बोचकारलं तर हयगय नको. रक्त आलं नाही तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा आणि सांगतील तेवढी सगळी इंजेक्शनं पूर्ण करा. मांजरापासूनही रेबीज होऊ शकतो, आणि एकदा लक्षणं दिसली की माणूस वाचत नाही. मांजर तीन महिन्यांचं झालं की पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याला रेबीजची लस द्या आणि पुढं डॉक्टर सांगतील तेव्हा परत न्या.

तर मैत्रिणींनो, एक ओंडका आणि थोडी दोरी, एवढाच हा खर्च. पुढच्या बैठकीला ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांनी एकत्र दोरी आणा, म्हणजे स्वस्त पडेल, आणि तिथंच खांब बांधून घरी न्या.