५४ गुण, १०३ गुण

लहानपणी आमच्या सोसायटीच्या आवारात बॅडमिंटन चालायचं तेव्हा सगळ्यात जास्त कानावर पडणारा शब्द म्हणजे ‘सर्व्हिस चेंज’. जीव तोडून रॅली जिंकली तरी सर्व्हिस आपली नसेल तर गुण नाही. फूल फक्त आपल्या हातात यायचं. ७-७ वर अडकलेला डाव बराच वेळ ७-७ वरच घुटमळायचा. आजच्या मुलांना हे सांगितलं की ती विचारतात, मग एवढं पळून मिळायचं काय?

हा प्रश्न मनात ठेवून महिला एकेरीच्या दोन ऑलिंपिक अंतिम सामन्यांचे आकडे बघा. अथेन्स, २००४: ८-११, ११-६, ११-७. बीजिंग, २००८: २१-१२, १०-२१, २१-१८. पहिल्याची बेरीज ५४, दुसऱ्याची १०३. बीजिंगमधल्या १०३ गुणांमागे नेमक्या १०३ रॅली आहेत, कारण २००६ मध्ये नियम बदलला आणि सर्व्हिस कोणाचीही असो, प्रत्येक रॅलीला गुण मिळू लागला. अथेन्सच्या ५४ मागे मात्र किती रॅली दडल्या आहेत, ते या आकड्यांवरून कळायला मार्ग नाही. फक्त सर्व्हिस परत मिळवण्यासाठी जे धावणं झालं, त्याचा तिथे मागमूसही नाही.

हे दोन्ही सामने एकाच बाईने जिंकले. चीनची झांग निंग. दोन वेगळ्या नियमांखाली एकेरीचं ऑलिंपिक सुवर्ण मिळवणारं दुसरं कोणी नाही. बायकांत नाही आणि पुरुषांतही नाही.

गंमत अशी, की तिची गोष्ट सुरू होते ती एका मोठ्या पराभवाने. जन्म १९७५ चा, ईशान्य चीनमधल्या लिआओनिंग प्रांतातल्या जिंझोऊचा. १९९४ मध्ये जकार्तात उबर चषकाची, म्हणजे महिलांच्या सांघिक जगज्जेतेपदाची अंतिम लढत होती, चीन विरुद्ध इंडोनेशिया. दोन-दोन अशी बरोबरी झाली आणि निर्णायक एकेरी एकोणीस वर्षांच्या झांग निंगच्या वाट्याला आली. पलीकडे मिया ऑडिना, वय वर्षं चौदा. प्रेक्षागृह सगळं त्या पोरीच्या बाजूचं. झांग निंग हरली, चषक इंडोनेशियाकडे गेला.

त्यानंतरची आठ-नऊ वर्षं चटकन संपवता येतील, कारण सांगण्यासारखं त्यात फारसं घडलं नाही. चिनी संघात जागा मिळवणं हे जगात जिंकण्याइतकंच अवघड. १९९६ च्या अटलांटाला ती नव्हती, २००० च्या सिडनीलाही नव्हती. सिडनीत सुवर्ण जिंकलं तिच्याहून धाकट्या गोंग झिचाओने. एकेरीच्या बहुतेक खेळाडूंचे गुडघे ज्या वयात बोलायला लागतात, त्या वयात, अठ्ठाविसाव्या वर्षी, झांग निंग बर्मिंगहॅमला २००३ ची जगज्जेती झाली.

हे जमलं कसं, याचं एक उत्तर फुलातच आहे. सोळा पिसं, वजन जेमतेम पाच ग्रॅम. चेंडू वेग राखून ठेवतो; फूल हवेला इतकं अडतं की कडकडीत स्मॅशचाही जोर नेटपलीकडे पोहोचेपर्यंत बराचसा ओसरलेला असतो. त्यामुळे या खेळात नुसत्या ताकदीवर फार काळ निभत नाही, समोरच्याला फसवावं लागतं. झांग निंग उंच, जवळजवळ पावणेसहा फूट. मागच्या रेषेवरून हात वर गेला की फूल पुन्हा मागे उंच जाणार की नेटला लागून अलगद पडणार, हे समोरच्याने ओळखेपर्यंत उशीर झालेला असे. प्रत्येक वेळी अर्धं पाऊल चुकवायचं, बस्स. तरुण पाय चुकीच्या दिशेने निघाले तर त्यांचा वेग उलट त्यांच्यावरच उलटतो.

अथेन्सच्या अंतिम फेरीत नेटपलीकडे कोण असावी? मिया ऑडिना! मधल्या काळात ती लग्न करून नेदरलँड्सला गेली होती आणि आता त्या देशाकडून खेळत होती. दहा वर्षांनी त्याच दोघी, पुन्हा तीन गेमचा सामना, आणि पहिला गेम ऑडिनाने घेतलेला. कादंबरीत कोणी असं लिहिलं तर आपण पुस्तक मिटून ठेवू.

एक डाग मात्र लपवू नये. उपान्त्य फेरीत झांग निंगसमोर तिचीच सहकारी झोऊ मी होती. अंतिम फेरीसाठी झांग निंग ताजीतवानी राहावी म्हणून झोऊ मीला जोर न लावायला सांगितलं होतं, हे प्रमुख प्रशिक्षक ली योंगबो यांनी पुढे स्वतःच टीव्हीवर सांगितलं. तो हुकूम प्रशिक्षकांचा होता हे खरं, पण झोऊ मीचं काय, हा प्रश्न ते पदक पाहिलं की मला दर वेळी टोचतो.

मग नियम बदलला. जुन्या पद्धतीत आपल्या सर्व्हिसवर चूक झाली तर फक्त सर्व्हिस जायची. धोका पत्करायला वाव होता. नव्यात चूक म्हणजे थेट समोरच्याला गुण. तिशी ओलांडलेल्या झांग निंगला अंगवळणी पडलेला सगळा हिशेब नव्याने मांडावा लागला. २००५ मध्ये जुन्या नियमाखाली आणि २००६ मध्ये नव्या, अशा दोन्ही वर्षी ती जागतिक स्पर्धेची अंतिम फेरी हरली, दोन्हीदा तिच्याहून सहा वर्षांनी लहान असलेल्या शिए शिंगफांगकडून. जुन्या-जाणत्यांना प्रिय असलेली ऑल इंग्लंड तर तिला कधीच जिंकता आली नाही.

बीजिंगला अंतिम फेरीत पुन्हा शिए शिंगफांग. झांग निंग तेहतीस वर्षांची. (आपली अठरा वर्षांची साईना उपान्त्यपूर्व फेरीत मारिया क्रिस्टिन युलियांतीकडून हरली होती, त्या मारियाला पुढच्या फेरीत झांग निंगने थोपवलं.) पहिला गेम आरामात, दुसऱ्यात १०-२१ असा धुव्वा. एकाच देशाच्या दोघी समोरासमोर असल्या की प्रशिक्षकांच्या खुर्च्या सहसा रिकाम्या राहतात. कोणी कोणाला काय सांगणार? तिसऱ्यात काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. तिने २१-१८ असा तो काढला. महिला एकेरीत लागोपाठ दोन ऑलिंपिक सुवर्णं त्याआधी कोणालाच जमली नव्हती.

पुढे ती चीनच्या महिला एकेरीची प्रशिक्षक झाली. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये उपान्त्य फेरीतल्या चौघींपैकी तिघी चिनी होत्या, चौथी साईना. कांस्यपदकाच्या सामन्यात वांग शिनचा गुडघा दगा देऊन गेला आणि पदक भारताला मिळालं. त्याच दिवशी अंतिम सामन्यात ली शुएरुई आणि वांग यिहान, दोघीही झांग निंगच्याच हाताखालच्या. त्या सामन्यात तिच्या खुर्चीला काही काम नव्हतं.